हिशेब न मागण्याचे पाप

"विज्ञान तरी काय, तीही शेवटी एक श्रद्धाच!" हे वाक्य आज आपल्या सुशिक्षित घरांत फार सहजपणे उच्चारले जाते. ते उच्चारणारा माणूस अडाणी नसतो. तो इंजिनिअर असतो, डॉक्टर असतो, कधी कधी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा प्राध्यापकही असतो. सोलापुरात वास्तुशांतीच्या पंगतीत, पतसंस्थेच्या सभेनंतरच्या चहाला, साखर कारखान्याच्या विश्रामगृहात ते ऐकू येते. पुढचा युक्तिवादही ठरलेला असतो. अणू तुम्ही डोळ्यांनी पाहिला का? पृथ्वीचे वय तुम्ही मोजले का? नाही ना? मग शास्त्रज्ञाच्या शब्दावर तुमची श्रद्धा, महाराजांच्या शब्दावर आमची. भोवतालचे लोक माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो.

तो तिथे संपू देणे मला गुन्हा वाटतो. या वाक्याची किंमत ते बोलणारा कधीच मोजत नाही. ती मोजतो सांगोल्याचा, मंगळवेढ्याचा, करमाळ्याचा कोरडवाहू शेतकरी, आणि त्याच्या घरातली ती बाई, जिला मे महिन्यात टँकरची वाट पाहत रांगेत घागर ठेवून बसावे लागते. म्हणून माझा आरोप त्या शेतकऱ्यावर नाही. तो आपल्यावर, शिकलेल्यांवर आहे.

आधी त्या युक्तिवादातला खरा भाग मान्य करू. विज्ञानावर भरवसा ठेवणाऱ्या शंभर माणसांतल्या नव्व्याण्णवांनी स्वतः काहीही तपासलेले नसते. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आपण रसायन न तपासताच गिळतो. उपग्रहाचे चित्र दूरदर्शनवर पाहतो आणि ढग खरेच तिथे आहेत असे धरून चालतो. भरवसा ठेवणाऱ्याच्या मनात डोकावून पाहिले तर भाविक आणि विज्ञानवादी यांत फारसा फरक दिसणार नाही. दोघेही कुणाच्या तरी शब्दावर विसंबून आहेत. म्हणूनच फरक तिथे शोधायचा नसतो. ज्याच्यावर विसंबलो, त्याने आपण चुकलो हे कशावरून ओळखायचे ते आधी सांगून ठेवले आहे का? त्याच्या चुकांची नोंद कुणी ठेवतो का? आणि नोंद विरुद्ध गेली, तर तो आपले म्हणणे बदलतो का? हे तीन प्रश्न सोलापूरच्या मातीत, सोलापूरच्या पावसाला लावून पाहू.

दरवर्षी संक्रांतीला श्रीसिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सात नंदीध्वज शहरातून मिरवतात. होम मैदानावरचा होमविधी आटोपला की रात्री भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेले मानाचे वासरू पुढे आणतात. त्याच्यासमोर धान्ये, गूळ आणि इतर जिन्नस मांडतात. वासरू कशाला तोंड लावते, बिचकते का, मूत्र टाकते का, यावरून येत्या वर्षीचा पाऊस, बाजारभाव आणि संकटे सांगितली जातात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ती बातमी येते. विदर्भात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते, तिचीही अशीच बातमी होते.

यात्रेचा आनंद सोलापूरकरांचा आहे आणि तो कुणी हिरावून घेऊ नये. पण भाकणूक पावसाबद्दल बोलते, आणि पाऊस ही मोजता येणारी गोष्ट आहे. जिल्ह्यात तालुक्यातालुक्यात पर्जन्यमापक आहेत, महसूल खात्याकडे दर वर्षाचे आकडे आहेत. २०१५ ला दुष्काळ पडला, २०१८ ला पडला. त्या दोन्ही वर्षांच्या जानेवारीत भाकणुकीने काय सांगितले होते, हे जून ते सप्टेंबरच्या पावसाशेजारी ठेवून पाहण्याची तसदी या शहरातल्या किती जणांनी घेतली? जी वर्तमानपत्रे भाकीत छापतात, त्यांनी दिवाळीत परत एकदा तेच भाकीत काढून "हे खरे झाले का" असा मथळा का देऊ नये? बातमीदाराला ते कठीण नाही. पण विचारायचेच नाही असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे. विचारले तर कुणाच्या तरी भावना दुखावतील, ही सबब आपण पुढे करतो. खरे कारण हे की उत्तर काय येईल याची आपल्यालाच धास्ती आहे.

आता दुसरी बाजू पाहा. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. त्याच्या पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला, ज्यात आपल्या दख्खनची गावेच्या गावे ओस पडली. पाऊस आधी सांगता आला पाहिजे ही निकड त्या मढ्यांच्या राशींतून उभी राहिली. १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज देणे सुरू झाले. तेव्हापासून हा विभाग कितीदा तरी चुकला आहे, आणि प्रत्येक चूक त्याच्याच दप्तरात लिहिलेली आहे. त्यातली एक फार मोठी. २००२ साली विभागाने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस पडेल असे सांगितले. जुलै महिना आला आणि देशभरात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. हंगामाच्या शेवटी ८१ टक्के भरला. पेरलेले बी मातीत जळाले. सोळा घटकांवर बसवलेले जे गणित १९८८ पासून वापरात होते, ते या एका वर्षाने उघडे पाडले. मग काय झाले? विभागाने "लोकांची श्रद्धा कमी पडली" असे म्हटले नाही. पुढच्याच वर्षी, २००३ ला, ते गणित बाजूला ठेवून नवी गणिते आणली. पुढे तीही बदलली.

लोक या विभागावर चिडतात, आणि चिडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी थेट पोलीस ठाण्यात गेले. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरले, पाऊस आला नाही, तेव्हा हवामान विभागावर कारवाई करा अशी त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीत विभागावर कटाचाही आरोप होता. तो मला पटत नाही, पण तक्रारीमागच्या वृत्तीचा मला आदर वाटतो. ज्याने शब्द दिला त्याला शेतकऱ्याने जाब विचारला. असा जाब भाकणुकीला किंवा घटमांडणीला विचारायला कुणी पोलीस ठाण्याची पायरी कधी चढेल का? तिथे चूक झाली तर ती आपलीच ठरते. आपले पाप वाढले, आचार बिघडला, नवस फेडायचा राहिला. चुकणारा सुटतो आणि भरडला जाणारा अपराधी ठरतो, ही त्या व्यवहारातली सर्वांत क्रूर गोष्ट आहे, आणि शिकलेली माणसे तिला मान्यता देत बसली आहेत.

पावसाचीच आणखी एक गोष्ट याच जिल्ह्यात घडली. ती आपल्या शाळांत शिकवायला हवी होती, पण शहरातल्या फार थोड्यांना तिची माहिती आहे. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला साडेपाचशेच्या आसपास येतो. ढग येतात, आभाळ भरते, आणि न बरसताच पुढे सरकतात. या ढगांत पाण्याचे थेंब पुष्कळ असतात, पण ते इतके बारीक असतात की एकमेकांत मिसळून जड होऊन खाली पडायला त्यांना वेळच मिळत नाही. ढगाच्या तळाशी क्षाराचे कण सोडले तर त्यांच्याभोवती मोठे थेंब धरतील आणि पाऊस पडेल, अशी यामागची कल्पना. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात हा प्रयोग केला. एक विमान कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळत ढगाखालून जायचे, दुसरे विमान ढगात शिरून मोजमाप करायचे, आणि जमिनीवरून रडार पाहत असायचे.

या प्रयोगाचा प्राण विमानात किंवा क्षारात नव्हता, एका कठोर नियमात होता. दोन वर्षांत २७६ ढग निवडले गेले. त्यांतल्या कोणत्या ढगावर मारा करायचा आणि कोणता तसाच सोडायचा, हे शास्त्रज्ञांनी आपल्या मर्जीने ठरवले नाही. ते चिठ्ठी टाकल्यासारखे यदृच्छेने ठरवले. खाली तहानलेला जिल्हा, वर पाण्याने भरलेला ढग, हाताशी साधन, आणि तरीही काही ढग मुद्दाम सोडून द्यायचे. हे निष्ठुर वाटते. पण त्याशिवाय मारा केलेला ढग आपोआपच बरसला असता की काय, हे कळायला मार्ग नाही. आपल्या आवडत्या कल्पनेला खोटी ठरण्याची पुरेपूर संधी स्वतःहून द्यायची, हा त्या नियमाचा अर्थ. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. आणि सोबत मर्यादाही लिहिली. प्रत्येक ढग कामाचा नसतो, ढग नसेल तिथे विमान काही करू शकत नाही, आणि दुष्काळ हटवण्याचा हा एकटा उपाय नव्हे.

इस्रायलची गोष्ट याहून बोलकी आहे. कृत्रिम पावसाच्या बाबतीत त्या देशाचे नाव जगभर घेतले जायचे. साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या त्यांच्या प्रयोगांत चांगली वाढ दिसली होती आणि पुढे कित्येक वर्षे त्यांची विमाने चांदीचे संयुग घेऊन ढगांत जात राहिली. पण पुढे शंका आल्या. मग २०१३ ते २०२० अशी सात वर्षे त्यांनी पुन्हा यादृच्छिक प्रयोग लावला. वाढ निघाली दोन टक्क्यांहूनही कमी, म्हणजे योगायोगापासून वेगळी काढता न येणारी. (त्यांची पद्धत वेगळी, ढग वेगळे, त्यामुळे सोलापूरच्या निकालाला याने बाध येत नाही.) तेव्हा त्यांनी आपला जुना, नावाजलेला कार्यक्रम २०२१ मध्ये बंद केला. पिढ्यान्पिढ्यांची प्रतिष्ठा, नोकऱ्या, अर्थसंकल्पातली तरतूद हे सगळे होते, तरी बंद केला. कोणत्या यज्ञाची, कोणत्या नवसाची, कोणत्या गंड्यादोऱ्याची अशी फेरतपासणी होऊन तो बंद झाल्याचे उदाहरण शोधा.

याच ठिकाणी मी विज्ञानाचे नाव घेणाऱ्यांवरही आरोप ठेवला पाहिजे. महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये, २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी विमाने उडवली. अमुक तालुक्यावर विमान फिरले आणि तमुक मिलिमीटर पाऊस झाला, अशा बातम्या आल्या. तुलनेसाठी कोणता ढग सोडला होता? विमान फिरले नसते तर किती पाऊस झाला असता? पावसाळ्यात ढग निवडून त्याखाली विमान फिरवले तर काही वेळा पाऊस पडणारच. यज्ञ केल्यानंतरही काही वेळा पडतोच. दुष्काळी वर्षांत आपल्याकडे मुले अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी मागत फिरतात, बेडकांची लग्ने लागतात, गाभारे पाण्याने भरून महादेव कोंडला जातो, मोठ्या खर्चाचे पर्जन्ययाग होतात. या सगळ्यांनंतरही कधी ना कधी पाऊस आलेला आहे. ज्या मंत्र्याला तुलनेवाचून विमानाचे श्रेय घेता येते, त्याने विज्ञानावर भरवसा ठेवलेला नाही. त्याने नारळाच्या जागी नळकांडी फोडली, एवढेच. यंत्र वापरणारा माणूस आपोआप वैज्ञानिक होत नाही. याच जिल्ह्यात सोनोग्राफीचे यंत्र मुलगी गर्भातच ओळखून मारण्यासाठी वापरले गेले. यंत्र विज्ञानाचे होते, आणि ते चालवणारी बुद्धी वंशाच्या दिव्यासाठी देव पाण्यात घालून बसणाऱ्यांची होती.

असे काही लिहिले की लगेच विचारले जाते, मग वारकऱ्याची श्रद्धाही खोटी का? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही. आषाढीला पायी येणारा माणूस कुणाला तीनशे फुटांवर पाणी लागेल असे सांगत नाही. तो कुणाच्या जमिनीचा, औषधाचा, पिकाचा निर्णय घेत नाही. तो विठ्ठलाकडे आधार मागतो, सोबत मागतो, आणि परत जाऊन पेरणी करतो. त्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. पण त्याच पंढरीच्या यात्रेबरोबर एके काळी पटकीची साथ गावोगाव पसरायची. यात्रेहून परतलेला माणूस घरी प्रसाद आणि पटकी दोन्ही आणायचा. ती साथ हटली ती शुद्ध पाणी, संडास, लस आणि आरोग्य खात्याच्या देखरेखीमुळे. वारकऱ्यांची भक्ती तेव्हाही अपार होती, आजही तेवढीच आहे. भक्ती तीच राहिली आणि पाणी बदलले, म्हणून मरण थांबले. गाडगेबाबांना हे कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. ते पंढरपुरात हातात झाडू घेऊन उभे राहिले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली, आणि देव दगडात शोधणाऱ्याला कीर्तनात उलटे प्रश्न विचारत राहिले. लोकांनी त्यांना संत म्हटले आणि त्यांचे प्रश्न तेवढे विसरून गेले.

सोलापूरनेही आपल्या ग्रामदैवताबाबत हेच केले आहे. सिद्धरामेश्वर, म्हणजेच गड्डा यात्रेचे सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले, शरण परंपरेतले. या कोरड्या मुलखात त्यांनी काय केले याची आठवण शहराच्या मध्यभागी पसरलेली आहे. त्यांनी हजारो हातांना कामाला लावून तळे खोदले. पाण्याची टंचाई हा देवाचा कोप आहे असे मानून ते मंत्र म्हणत बसले असते, तर आज तिथे तळे नसते. कष्टालाच पूजा मानणाऱ्या त्या महात्म्याच्या नावाने आपण भाकीत छापतो, आणि त्याने दाखवलेल्या वाटेने पाण्याचा विचार करत नाही. उजनी धरणाची साठवण शंभर टीएमसीहून अधिक, आणि धरण भरलेले असतानाही शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत आले आहे. उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून उजनी मायनसमध्ये गेली की गावोगाव यज्ञाच्या पावत्या फाटू लागतात. तीसहून अधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात उसाला किती पाणी गेले, कुणी नेले, कालव्याच्या शेपटाच्या गावाला का पोहोचले नाही, हे विचारायला कुणी पावती फाडत नाही. पाऊस देवाच्या हाती आहे असे एकदा म्हटले की धरणाच्या दरवाजाची किल्ली कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न मागे पडतो. यज्ञाला देणगी देणाऱ्यांत बडी नावे का असतात, याचा विचार करावा.

प्रश्न विचारणाऱ्याचे आपल्याकडे काय होते, तेही सांगितले पाहिजे. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्यांनी कुणाचे देऊळ पाडले नव्हते. दावा करता ना, मग तो तपासू द्या, एवढेच ते आयुष्यभर म्हणत आले. वर्षानुवर्षे अडवून ठेवलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या रक्ताचा सडा पडल्यावर काही महिन्यांत मंजूर झाला. मारेकऱ्यांपैकी दोघांना जन्मठेप व्हायला मे २०२४ उजाडले. राज्यघटनेने तर वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे १९७६ च्या दुरुस्तीने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य एका माणसाने पार पाडले, आणि आम्ही त्याच्या पुण्यतिथीला मेणबत्त्या लावून घरी येऊन मुलाची पत्रिका जुळवत बसलो.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळे लिहितो आहे, त्या माणसाकडे येतो. पाच बोअर मारून पाचही फेल गेलेला शेतकरी या जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यात भेटेल. जागा कुणी दाखवली, तर पाणाड्याने. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, शेतातून चालत गेला, एका ठिकाणी नारळ उभा राहिला. किंवा झाडाची दोन बेचक्यांची फांदी हातात धरली आणि ती खाली झुकली. "तीनशेवर मोठा झरा आहे" असे त्याने सांगितले. तमिळनाडूहून आलेली बोअरची गाडी रात्रीतून उभी राहिली. तीनशे गेले, पाचशे गेले, वर नुसता फुफाटा उडत राहिला. पाणाड्या म्हणाला, अजून शंभर फूट घ्या, झरा सरकला आहे. पैसे पतसंस्थेचे, सोनेतारणाचे, शेवटी बायकोच्या डोरल्याचे. पाणी लागले नाही. पाणाड्या पुढच्या गावाला गेला. शेतकरी कुठे गेला, हे आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचतो आणि पान उलटतो.

आपल्या पायाखालचा खडक लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. वर माती, मग मुरूम, मग झिजलेला, भेगाळलेला खडक, त्याखाली काळा पाषाण. पाणी धरून ठेवतो तो वरचा झिजलेला थर आणि भेगा. खोल गेल्यावर भेग सापडली तर पाणी, पण खोली वाढेल तशी शक्यता घटत जाते. खडकाच्या पोटात नदीसारखे वाहते झरे नसतात. वरच्या थरात, ओढ्याच्या काठाला, चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी बऱ्याच ठिकाणी लागतेच, म्हणून पाणाड्याचे काही अंदाज खरे ठरतात आणि त्याची कीर्ती होते. फेल गेलेल्या बोअरची कीर्ती होत नाही. नारळ उभा राहतो याबद्दल तो बहुधा खोटेही बोलत नसतो. मायकेल फॅरडेने १८५३ मध्येच दाखवून दिले होते की टेबलाभोवती हात टेकून बसलेल्यांचे हातच ते टेबल नकळत ढकलतात, आणि त्यांना मात्र ते आपोआप हलले असे मनापासून वाटते. नारळाखालच्या हाताचेही तसेच.

पाणाड्यांबद्दलची शंका केवळ आपल्याकडची नाही. म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० पाणाड्यांतून सर्वांत चांगले ४३ निवडले. एका कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा नळ जागा बदलत फिरवला आणि वरच्या मजल्यावरून तो ओळखायला सांगितले. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी आधी काही जणांत शक्ती आहे असे जाहीर केले. नंतर जेम्स एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले आणि निकाल निव्वळ अंदाज बांधल्याइतकाच आहे असे दाखवले. आपल्या परंपरेतही या विषयाला दुसरी, अभिमानाने सांगण्याजोगी वाट आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजलाचे एक प्रकरणच लिहिले. कोणते झाड, कुठे वारूळ, कशी माती, किती खोलीवर पाणी. त्यातले किती बरोबर, किती चूक हे खणून तपासता येते, कारण त्याने खूण सांगितली आणि खोलीही सांगितली. त्याचा वारसा नारळाने चालत नाही. तो भूवैज्ञानिकाच्या नोंदवहीतून चालतो.

१९७२ पासून राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे कार्यालय आहे, भूवैज्ञानिक आहेत, निरीक्षण विहिरी आहेत. त्यांनी दाखवलेल्या जागाही कधी कोरड्या निघतात, हे लपवायचे कारण नाही. पण कोरडी विहीर त्यांच्या नकाशात भर घालते, पुढचा अंदाज सुधारते. ६० मीटरहून खोल जाण्यावर भूजल कायद्याचे निर्बंध आहेत, आणि गावोगाव त्याच्या तिप्पट खोल भोके पडत आहेत. कायदा राबवणारा तलाठी, कर्ज देणारा बँक अधिकारी, शेतीशाळेतला पदवीधर, कारखान्याचा संचालक या सगळ्यांच्या स्वतःच्या शेतात नारळ फिरलेला असतो. गरीब शेतकरी त्यांच्याकडे पाहून शिकतो. "विज्ञान तरी काय, श्रद्धाच" हे वाक्य त्याने म्हटलेले नव्हते. ते त्याला आपण ऐकवले.

म्हणून माझी मागणी कोणत्या देवाविरुद्ध नाही, ती ग्रामपंचायतीकडे आहे. एक वही ठेवा. गावात बोअर घ्यायच्या आधी तीत लिहा: जागा कुणी दाखवली, किती फुटांवर पाणी सांगितले. नंतर लिहा: कितीवर लागले, किती इंच लागले, पुढच्या मे महिन्यात किती उरले, खर्च किती आला. पाणाड्याचे नाव लिहा, भूवैज्ञानिकाचेही लिहा, कुणाला सवलत देऊ नका. पाच वर्षांनी ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचा, आणि शाळेतल्या आठवीच्या मुलांकडून दोन्ही बाजूंची टक्केवारी काढून घ्या. गावात पदवीधर भरपूर आहेत. वही भरायची जबाबदारी त्यांची, आणि पहिली नोंद त्यांनी आपल्याच शेतातल्या बोअरची करावी.